बैजिक सूत्रांच्या प्रोग्रामची चाचणी : नव्या टेस्टरसाठी एक अनुभव

अंधेरीतल्या एका कंपनीत टेस्टर म्हणून रुजू झाले, त्याच्या पहिल्याच महिन्यात (अ + ब)³ चे उत्तर विस्तार करून काढणारे एक छोटे फंक्शन मी तपासून पुढे पाठवले. (०, ०), (१, ०), (०, ५), (१, १) आणि (२, २) अशा पाच टेस्ट केस मीच निवडल्या होत्या. पाचही पास झाल्या, चूक मात्र तशीच राहिली. कारण ३अ²ब या पदाच्या जागी ३अब² हेच पद दोनदा लिहिले गेले होते.

चूक उघडकीस आल्यावर टीममधल्या ज्येष्ठ मॅडमनी प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर एवढेच लिहून दिले : "खऱ्या सूत्रातून प्रोग्रामचे सूत्र वजा करा आणि अवयव पाडा." दादरला गाडीची वाट पाहत मी ते केले. फरक आला ३अब(अ − ब). दोहोंपैकी एक संख्या शून्य असो वा दोन्ही सारख्या असोत, हा फरक नाहीसा होतो, आणि माझ्या साऱ्या जोड्या नेमक्या तशाच होत्या. (२, १) घेतली असती, तर २७ ऐवजी २१ दिसले असते.

बैजिक प्रोग्राम यादृच्छिक संख्यांनी तपासण्याचा विचार रिचर्ड डिमिलो आणि रिचर्ड लिप्टन यांनी १९७८ मध्ये मांडला. झिपेल (१९७९) आणि श्वार्ट्झ (१९८०) यांचे निष्कर्षही त्याच धर्तीचे आहेत. फरकाची बहुपदी शून्य नसेल आणि तिची कोटी (कोणत्याही एका पदातील घातांकांची सर्वांत मोठी बेरीज) ३ असेल, तर ० ते २९९९ मधून प्रत्येक चलाची किंमत स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकल्यासारखी निवडल्यास चूक निसटण्याची शक्यता हजारात एकाहून अधिक नसते, आणि अशा तीन स्वतंत्र फेऱ्यांत ती अब्जात एकावर येते. मला हे आजही विलक्षण वाटते, कारण त्यासाठी कोडची एक ओळही वाचावी लागत नाही.

तरीही कोटीची मर्यादा आधी ठाऊक हवी. कोडमध्ये एखाद्याच किमतीसाठी वेगळी 'इफ' शाखा असेल, तर प्रोग्राम बहुपदी मोजतो हे गृहीतकच ढासळते, म्हणून अशा शाखा वेगळ्या तपासाव्यात. दशांश अपूर्णांकांत बरोबरी पाहू नये, कारण पूर्णांकनामुळे योग्य प्रोग्रामही नापास होतो, पूर्णांक घ्यावेत. आणि यादृच्छिक संख्यांचे सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून त्या तयार होतात तो, लॉगमध्ये नोंदवावे, म्हणजे नापास झालेली जोडी डेव्हलपरला जशीच्या तशी पुन्हा चालवता येते.