मुख्याध्यापकांचं कोचिंग करताय? मग या चुका टाळा

शहरातल्या मागे पडलेल्या शाळांमध्ये कोच म्हणून, म्हणजे वर्गातलं शिकवणं सुधारायला मुख्याध्यापकांना मदत करणारा म्हणून, जायला लागलो तेव्हा पहिली चूक मीच केली, केबिनमध्ये बसायची. मुख्याध्यापक टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे, आणि दीड तास विषय काय तर रिकाम्या जागा, पालक येत नाहीत, वरून मागवलेले रिपोर्ट. निघताना दोघांनाही वाटायचं चर्चा मस्त झाली, पण शेजारच्या वर्गात त्या दीड तासात काय शिकवलं गेलं हे दोघांपैकी कुणीच बघितलेलं नसायचं. आता आधी वर्ग, मग खुर्ची.

चूक: नुसता राऊंड मारणं

वर्गात जायचं म्हणजे दारातून डोकावून पुढे सरकायचं असं नाही हं. अमेरिकेत मायामीच्या शहरी शाळांमध्ये साधारण १०० मुख्याध्यापकांच्या मागे अक्षरशः दिवसभर फिरून त्यांचा वेळ कुठे जातो ते नोंदवलं होतं, २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला. शिकवण्याशी संबंधित कामाला जेमतेम १३ टक्के वेळ मिळत होता, आणि त्यातलाही मोठा वाटा अशा धावत्या राऊंडचा. गंमत म्हणजे जिथे राऊंड जास्त तिथे निकाल चांगले असं काही दिसलं नाही, उलटंच दिसलं, आणि शिक्षकांना बसून मार्गदर्शन करण्यात जिथे वेळ गेला तिथे मुलांची प्रगती बरी होती. एवढ्यावरून राऊंडमुळेच निकाल पडले असं म्हणता येत नाही, पण नुसत्या फेऱ्या मोजून खूश होऊ नका एवढं नक्की.

चूक: शिक्षकाकडे बघत बसणं

ही सगळ्यात महागात पडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. सातवीचा गणिताचा तास, अपूर्णांकांची बेरीज, मी आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर. बाई उत्साहात शिकवतायत, प्रश्न विचारतायत, पटापट उत्तरं येतायत. सरांनी वहीत लिहिलं, "शिक्षिका उत्साही, वर्गात शिस्त, मुलांचा सहभाग चांगला." मी म्हटलं सर, शेजारच्या मुलाची वही बघा. त्याने १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं, वरच्या वर बेरीज, खालच्या खाली बेरीज. अशा अजून पाच-सहा वह्या निघाल्या, आणि उत्तरं देणारी मुलं मोजली तर तीच तीन होती, आलटून पालटून.

मग तासानंतर सरांनी बाईंना एकदम सात मुद्दे सांगितले. फळ्यावरचं अक्षर, आवाज, शैक्षणिक साधनं, गटकार्य, सगळंच. बाई सगळ्याला हो हो म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात बघतो तर काहीच बदललेलं नाही, बदलणार कसं, सातपैकी नेमकं धरायचं काय?

तिथून आम्ही एकावर आलो. प्रश्न विचारला की लगेच नाव घ्यायचं नाही, आधी सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, तेवढ्यात बाईंनी बाकांमधून फिरून वह्या बघायच्या. थांबण्याचं महत्त्व नवीन नाही, अमेरिकेतल्या शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात.

चूक: कोचने स्वतःच फीडबॅक देणं

मोह होतो. मुख्याध्यापक अडखळतात, आपल्याला तर नेमकं दिसलेलं असतं, मग आपणच शिक्षकाशी बोलून मोकळे होतो. त्या दिवशी काम भारी होतं पण तुम्ही महिन्यातून दोनदा येणार, बाकीचे दिवस शाळा कोण बघणार? त्यामुळे आम्ही आधी रिहर्सल करतो. मी शिक्षक होतो, सर बोलतात. पहिल्यांदा सर म्हणाले "प्रश्न विचारण्याच्या पद्धतीकडे जरा लक्ष द्या", मी बाईंच्या जागी बसून विचारलं, म्हणजे उद्या नेमकं काय करू? सर हसले. तिसऱ्या वेळी वाक्य नीट आलं: "उद्याच्या तासाला पहिल्या तीन प्रश्नांना मुलं आधी वहीत लिहितील, तुम्ही फिराल, मी मागे बसून बघतो." वेड्यासारखं वाटतं मोठ्या माणसांनी असं नाटक करणं, पण ऐनवेळी तोंडातून वाक्य निघतं ते यामुळेच.

"वेळच मिळत नाही हो"

हे तक्रारीचं वाक्य खरं असतं, टाळाटाळ समजू नका. अशा शाळेत रोज दोन शिक्षक गैरहजर, कुठे मारामारी, दारात पालक उभे. "वेळ काढा" सांगून वेळ निघत नाही. एक आठवडा दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायला सांगा, मग एकेक कामावर बोट ठेवून विचारा, हे दुसरं कोण करू शकतं? आठवड्यात दोन तास पक्के ठरवा आणि त्या वेळेत भांडण, फोन, पालक कुणाकडे जाणार ते नाव लिहून ऑफिसबाहेर लावा. नाव नसेल तर पहिल्याच दिवशी प्लॅन कोलमडतो.

कोचकडेही वेळ लागतो बरं का. एकेकाकडे ढीगभर शाळा दिल्या तर तो फक्त सह्या गोळा करणार. अमेरिकेतल्या ६ शहरी शालेय जिल्ह्यांनी २०१४ पासून मुख्याध्यापकांच्या सुपरवायझरचं काम बदलून मुख्याध्यापकांना मदत करण्यावर आणलं तेव्हा एकेकाकडच्या शाळा सरासरी १७ वरून १२ वर आणल्या.

शिक्षक घाबरून डेमो तास दाखवत असतील तर

कारण बहुतेक वेळा एकच, मूल्यमापन आणि कोचिंग एकाच वहीत चाललेलं असतं. वही वेगळी करा, आणि मुख्याध्यापकांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं वर साहेबांना सांगू नका, एकदा सांगितलंत की पुढच्या भेटीपासून तुम्हाला फक्त सजवलेले वर्ग दिसतील. आणि सुरुवात सगळ्यात हट्टी शिक्षकापासून करायची खुमखुमी नको, जो तयार आहे त्याच्यापासून करा, बाकीचे स्टाफरूममध्ये ऐकतच असतात.

दोन महिने झाले, फरक दिसत नाही?

वार्षिक निकालाची वाट बघू नका. तासाच्या शेवटी एकच प्रश्न कागदावर सोडवून घ्या, मुख्याध्यापक आणि शिक्षक मिळून बरोबर, अर्धवट, चूक असे तीन गठ्ठे करा. चूकवाला गठ्ठा तेवढाच राहिला तर आधी बघा ठरलेली गोष्ट वर्गात खरंच होतेय का, कारण बहुतेक वेळा ती दोनदा होऊन थांबलेली असते. होत असूनही गठ्ठा हलत नसेल तर मुद्दा चुकीचा निवडलाय, तो बदला. आमच्या त्या सातवीत वह्या बघून झाल्यावर कळलं की मुलांना छेद समान का करायचा हेच कळलेलं नव्हतं, मग पुढचे तीन आठवडे सरांनी आणि बाईंनी तेवढंच धरलं.