पाहुणे यायच्या आधी बाथरूम कसं तयार ठेवायचं

नाशिकला घर असलं की पाहुणे येणारच. कुणी त्र्यंबकला नारायण नागबलीसाठी येतं म्हणजे तीन दिवस मुक्काम, कुणी रामकुंडावर दहाव्याला, कुणी वणीच्या गडावर जाता जाता एक रात्र, आणि २०१५ नंतरचा सिंहस्थ आता २०२७ चा, तेव्हा तर घर भरलेलंच असणार. आपण जेवणाचं, अंथरुणाचं सगळं नीट बघतो पण बाथरूम राहून जातं, कारण आपल्याला त्याची सवय झालेली असते. कडी जरा वर उचलून लावावी लागते, गरम पाण्याचा नळ उजवीकडचा आहे, हे आपल्याला माहीत, पाहुण्याला नाही, आणि तो बिचारा विचारत पण नाही.

मागच्या थंडीत मावशी रामकुंडावरून स्नान करून आली आणि ओलं पातळ हातात घेऊन आत तशीच उभी राहिली होती, दांडीवर सगळे आमचेच टॉवेल. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दांडी पूर्ण रिकामी करते, दाराच्या मागे दोन हुक मोकळे ठेवते आणि एक रिकामी बादली ओल्या कपड्यांसाठी वेगळी.

आता वासाचं. फिनेल ओतून वास जात नाही, फक्त झाकला जातो. जास्त करून वास येतो तो न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी जायची जी खोलगट जागा असते तिथून. त्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहायला हवं, तेच खालच्या गटाराचा वास आणि झुरळं अडवतं, आणि पाहुण्यांचं बाथरूम महिना महिना वापरलं नाही की ते पाणी आटतं. म्हणून आठवड्यातून एकदा दोन मग पाणी ओतायचंच. मग जाळी उचला, हातात ग्लोव्हज घाला, खाली केसांचा आणि साबणाचा काळा बुळबुळीत गोळा अडकलेला असतो तो काढून कचऱ्यात टाका, फ्लश करू नका. जुन्या ब्रशने कडा घासा. एवढं केलं की अर्धा वास तिथेच संपतो.

नळावरचे पांढरे थर बोअरच्या पाण्याचे. आमच्याकडे धरणाचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात आणि लगेच नळाच्या तोंडाशी खडूसारखं साचायला लागतं. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घ्यायचं, नळाचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी रबरबँडने बांधायची, अर्धा तास ठेवायची, मग ब्रश मारून धुवायचं. रात्रभर नको, नळाची चकाकी जाते. शॉवरलाही हेच. पण कडप्पा किंवा मार्बलवर व्हिनेगर, लिंबू काही लावू नका, दगड कायमचा निस्तेज होतो. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र करून फेस काढतात ना, त्याचा काही उपयोग नाही, दोघं एकमेकांचा जोर मारतात, वेगवेगळं वापरा.

संडासात हार्पिक कडेच्या आतून गोल फिरवून सोडायचं, पंधरा-वीस मिनिटांनी घासायचं. एक गोष्ट मात्र अगदी लक्षात ठेवा, हार्पिक किंवा कुठलंही ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीन गॅस तयार होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं. फरशीवर सुट्टं ॲसिड तर मी आणतच नाही, टाइल्समधलं सिमेंट खाऊन टाकतं आणि मग त्याच भेगांत घाण जास्त बसते.

बादली आणि मग बाहेरून चकचकीत असले तरी बुडाखाली हात फिरवून बघा, तिथे चिकट थर असतो, पाहुणा मग उचलताच त्याच्या हाताला तेच लागतं. स्कॉचब्राइटने भांड्याचा साबण लावून घासा, उन्हात पालथे घाला.

गीझर इलेक्ट्रिक असेल तर बटण कुठलं ते आधीच दाखवून ठेवा. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या आत नकोच, कारण नाशिकच्या थंडीत पाहुणा खिडकी घट्ट लावून घेणार आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत चक्कर येते. आत बसवलेलाच असेल तर तो बाहेर घेईपर्यंत पाणी गॅसवर तापवून द्या, पण तो लावू नका.

बाकी छोटं छोटं. नवीन साबण, कोरडा नॅपकिन, पायपुसणं, झाकणाचा डस्टबिन आणि शेजारी जुने पेपर, म्हणजे बायकांना पॅडचं काय करायचं ते विचारावं लागत नाही. वयस्कर कुणी असेल तर प्लास्टिकचं स्टूल आणि फरशी वायपरने कोरडी केलेली, साबणाच्या पाण्यावर पाय सटकायला वेळ लागत नाही.

सगळं झालं की दार लावून पाच मिनिटं स्वतः आत थांबा, टॉवेल कुठे अडकवाल, चष्मा कुठे ठेवाल, कडी अंधारात सापडते का बघा. आणि रात्री पॅसेजमधला छोटा दिवा चालू ठेवा.