लिहिण्याची जिद्द कशी टिकवायची

स्फूर्तीची वाट पाहत बसलात तर महिन्यातून दोनदा लिहाल. बसायची वेळ ठरली की जिद्द मागोमाग येते. म्हणून आधी वेळ आणि जागा पक्की करा: रोज तीच ४५ मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत.

उद्दिष्ट लहान हवं. रोज ३०० शब्द, आठवड्यातले ६ दिवस, वर्षातले ५० आठवडे, म्हणजे ९०,००० शब्द. एका कादंबरीचा कच्चा खर्डा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. सुरुवातीच्या उत्साहात रोज २,००० शब्द लिहितात, दहाव्या दिवशी दमतात आणि एक दिवस चुकला की अपराधी वाटून वहीच उघडत नाहीत. चुकलेला दिवस भरून काढायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३००च. अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराने टपाल खात्यातली नोकरी सांभाळत, पहाटे घड्याळ समोर ठेवून दर १५ मिनिटांना २५० शब्द या गतीने लिहिलं.

थांबताना प्रसंग अर्धवट सोडा आणि पुढे काय होणार याची एक ओळ टिपून ठेवा. उद्या कोऱ्या पानाची धास्ती उरत नाही. आमच्या मते याच्याइतका कामाचा उपाय दुसरा नाही.

पहिल्या खर्ड्यात खोडाखोड नको. तो पूर्ण झाला की दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचत दुरुस्त करा. साभार परत आलेलं लेखन एकदा तपासून आठवड्याच्या आत दुसरीकडे पाठवा. कुठे, कधी पाठवलं ते वहीत लिहा.