ज्युनिअर इंटरनॅशनलच्या आठवड्यातलं गटिंग

माझी थोरली १६ वर्षांची असताना पुण्यात इंडिया ज्युनिअर इंटरनॅशनल या बॅडमिंटन स्पर्धेची पात्रता फेरी खेळली. पहिल्या गेमला १४-१४ वर तिच्या रॅकेटचा गट, म्हणजे जाळीची दोरी, तुटला. तिने दुसरी रॅकेट काढली. त्या रॅकेटचं गटिंग (गट ओढून जाळी विणणं) दोन महिन्यांपूर्वीचं, जाळी सैल पडलेली; दोन टॉस (उंच, मागे मारलेले फटके) सरळ मागच्या रेषेबाहेर गेले. घाबरून तिने तिसरी घेतली. ती आदल्याच दिवशी २७ पाउंडांच्या ताणाने घट्ट ओढून आणलेली, त्यामुळे टॉस अर्ध्यातच पडायला लागले आणि समोरची मुलगी प्रत्येकावर स्मॅश मारू लागली. गेम गेला, पाठोपाठ सामनाही. घरी आल्यावर मी तिन्ही रॅकेटी पलंगावर ठेवून जाळी बोटाने वाजवून पाहिली. तीन रॅकेटी, तीन आवाज.

त्या वर्षी मी गटिंगचं मशीन घेतलं. आता कोथरूडच्या घरात, गॅलरीत बसून आजूबाजूच्या पोरांच्या रॅकेटी ओढते. पोर पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालं की आईवडील येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

टेन्शनचा, म्हणजे जाळी किती पाउंडांनी ओढायची याचा, प्रश्न सगळ्यात आधी येतो. "मोठे खेळाडू ३० वर खेळतात ना, मग हिलाही २८ करा." मी करत नाही. जाळी जितकी घट्ट, तितकी शटल नीट लागण्याची मधली जागा लहान. शिवाय घट्ट जाळी उसळी कमी देते, तो जोर पोराला खांद्यातून आणि मनगटातून काढावा लागतो. मोठ्यांचे खांदे वर्षानुवर्षांच्या व्यायामाने तयार झालेले असतात. १५ वर्षांच्या मुलाला मी २२ ते २४ च्या पुढे सहसा जाऊ देत नाही; १७-१८ व्या वर्षी ताकद आणि टायमिंग पाहून २५-२६. खांदा दुखतो म्हणणाऱ्या मुलाची रॅकेट हातात आली, तर व्यायामाचं विचारण्याआधी मी टेन्शन विचारते. फ्रेमवर कमाल टेन्शन छापलेलं असतं, तेही वाचा. वाढवायचंच असेल तर स्पर्धेच्या दोन महिने आधी, एका वेळी एक पाउंड. स्पर्धेच्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही: टेन्शन नाही, गट नाही, ग्रिपची जाडी नाही.

गट कोणता? बीजी ६५ हा ०.७० मिलिमीटर जाडीचा, चिवट, पुष्कळ टिकतो. एक्सबोल्ट ६३ हा ०.६३ चा, हाताला छान लागतो, आवाज खणखणीत, पण जोरात मारणाऱ्या मुलाच्या हातात लवकर तुटतो. ज्या गटावर वर्षभर सराव झाला तोच घाला. मैत्रिणीचा गट चांगला वाटला म्हणून स्पर्धेला बदलून येणारी मुलं मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी परत पाठवते.

आता दिवसांचा हिशोब. नायलॉनचा गट ओढल्यावर पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त सैल होतो, मग वेग मंदावतो. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री गटिंग नको. निघण्याच्या तीन दिवस आधी सगळ्या रॅकेटी एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच माणसाकडून करून घ्या आणि प्रत्येकीने किमान एक तास खेळून बघा. किमान तीन रॅकेटी, जमल्यास चार, एकाच मॉडेलच्या, एकाच वजनाच्या. खर्च मोठा आहे, मला कल्पना आहे. पण वेगळ्या मॉडेलची नवी महागडी रॅकेट घेण्यापेक्षा त्याच मॉडेलची जुनी वापरलेली मिळाली तर ती घ्या.

"एकाच मशीनवर" यावर माझा फार भर आहे, त्याचं कारण सांगते. हाताने फिरवायचं क्रँकचं मशीन आकडा आला की लॉक होतं, आणि लॉक झाल्यावर गट थोडा ढिला पडतो. इलेक्ट्रॉनिक मशीन मात्र ओढत राहतं. त्यामुळे क्रँकवरचे २४ आणि इलेक्ट्रॉनिकवरचे २४ हाताला वेगळे लागतात. मोठ्या स्पर्धेत हॉलवर गटिंगचं टेबल असतं आणि तिथे बहुधा इलेक्ट्रॉनिक मशीन असतं. घरचं गटिंग क्रँकवरचं असेल तर हाताला तेवढंच लागावं म्हणून तिथे एक पाउंड कमी सांगा, आधी एकच रॅकेट द्या, पोराला सरावात मारून बघू द्या, मगच बाकीच्या. रॅकेटला चिठ्ठी बांधा: गटाचं नाव, मेन (उभे गट) किती पाउंड, क्रॉस (आडवे) किती, तारीख. तिथे रांग असते, भाषा वेगळी असू शकते, पण आकडे सगळ्यांना वाचता येतात.

हवेचं थोडक्यात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवा विरळ, म्हणून इथे शटल हळू गतीचं लागतं. डब्यावर ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा लहान तितकं शटल हळू. मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये नेदरलँड्सच्या हार्लेमला किंवा बर्लिनला ज्युनिअर स्पर्धा खेळायला जातात, तेव्हा थंडीने शटल जड चालतं आणि गटही ताठर होऊन लवकर तुटतो. तिकडे जाणाऱ्यांना मी एक पाउंड कमी करून देते. आठवड्यात काही बदलायचं नाही या नियमाला माझ्याकडे एवढाच अपवाद.

गट तुटल्यावर काय करायचं, हे मुलाला घरीच शिकवा. २००८ साली बालेवाडीला जागतिक ज्युनिअर अजिंक्यपदाचा अंतिम सामना मी पाच वर्षांच्या थोरलीला मांडीवर घेऊन पाहिला. सायना नेहवालने जपानच्या सायाका सातोला पहिला गेम २१-९ असा सहज घेतला, पण दुसरा २१-१८. तीनच गुण! चुकीची रॅकेट हातात आली तर तेवढे गुण दोन मिनिटांत जातात. २०२५ ला गुवाहाटीत याच स्पर्धेत वैयक्तिक सामन्यांचे गेम १५ गुणांचे होते. तिथे नव्या रॅकेटीशी जुळवून घ्यायला वेळच नाही.

तुटलेली रॅकेट कोर्टाबाहेर आली की प्रशिक्षकाने किंवा तुम्ही लगेच उरलेली जाळी कापा, मधून सुरुवात करून कडेकडे, उभे-आडवे गट आलटून पालटून. एका बाजूचा ताण सुटून दुसऱ्या बाजूचा राहिला तर फ्रेम वाकते. त्यासाठी छोटी कात्री हवी. विमानात ती चेक-इन सामानात टाका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेटी ठेवू नका, उष्णतेने जाळी सैल पडते.

सामन्याला उतरण्याआधी तिन्ही रॅकेटी कव्हरमधून बाहेर काढून, मुठी वर करून बॅगेत उभ्या ठेवायला सांगा. दुहेरीत रॅली चालू असतानाही पोरं कडेला धावत जाऊन रॅकेट बदलतात, तेव्हा चेन उघडायला वेळ नसतो.