स्लॅप रिपेअर झाल्यावर घरी हात कसा सांभाळायचा

खांद्याच्या वाटीच्या कडेला जी गादी असते ना, लॅब्रम, तिच्या वरच्या टोकाला बायसेप्सची दोरी चिकटलेली असते, म्हणून तिथे गादी फाटली की बऱ्याचदा दोरीच्या मुळालाही धक्का बसतो. ही फाटलेली गादी शिवून परत बसवणं म्हणजे स्लॅप रिपेअर, आणि चाळिशीच्या आसपास डॉक्टर बऱ्याचदा ती दोरी कापून दंडाच्या हाडाला बसवतात, त्याला टेनोडेसिस म्हणतात.

स्लिंग साधारण 4 ते 6 आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर, झोपतानासुद्धा. पाठीमागे उशा लावून अर्धवट बसूनच झोपा, खरंच बरं वाटतं. पुढून बटणाचा शर्ट घ्या, घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. बोटं, मनगट हलवत राहा. पण भरलेली बादली सोडाच, चहाचं पातेलंही त्या हाताने उचलू नका, दुखत नसलं तरी, कारण टाके आत अजून कच्चे असतात. बॉलिंगला किमान 6 महिने तरी धरा.

ताप आला, जखमेतून पू आला किंवा दंडात अचानक गोळा दिसला तर लगेच फोन करा.