दाब न गमावता पाणी कमी-जास्त करणे: लहान टर्बाइन आणि पाणचक्कीसाठी मार्गदर्शन

ओढ्यावर लहान टर्बाइन बसवलेल्या मंडळींकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: पाणी कमी करायचे झाल्यास व्हॉल्व्ह किती फिरवायचा? बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत अशी यंत्रे घडवण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आहे आणि ती बसवण्यासाठी डांगच्या डोंगरांत वारंवार जात असतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, पाइपातला व्हॉल्व्ह अर्धवट मिटून पाणी कमी करूच नये. तो एकतर पूर्ण उघडा असावा किंवा पूर्ण बंद. पाणी कमी-जास्त करायचे ते शेवटच्या तोंडाशी, म्हणजे नोझलपाशी किंवा गाइड व्हेनपाशी (चाकाकडे जाणाऱ्या पाण्याला दिशा देणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या पात्यांपाशी).

यामागचे कारण आकड्यांनीच नीट कळते. पाइपातील घर्षणाचा तोटा वजा जाता पाणी पडण्याची २० मीटर उंची हाती उरते (पाण्याचा दाब याच उंचीत मोजतात) आणि सेकंदाला १० लिटर पाणी मिळते, असे समजा. अशा वेळी नोझलमधून पाण्याची धार सेकंदाला सुमारे १९ मीटर वेगाने सुटते, आणि एवढे पाणी जाऊ देण्यासाठी तोंडाचा व्यास साधारण २६ मिलिमीटर लागतो. पाण्याची मूळ शक्ती १९६० वॅटच्या आसपास असते व यंत्राची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर पावणेतेराशे वॅट वीज मिळते. आता तेच तोंड ठेवून मागचा व्हॉल्व्ह इतका मिटला की पाणी निम्म्यावर आले, तर धारेचा वेगही निम्मा होतो, त्यामुळे नोझलपाशी २० ऐवजी ५ मीटरच उंची शिल्लक राहते, आणि पाणी निम्मे व उंची पाव झाल्याने शक्ती एक-अष्टमांश, म्हणजे अडीचशे वॅटच्याही खाली जाते. उरलेला सगळा दाब व्हॉल्व्हच्या फटीत खळबळ माजवून वाया गेलेला असतो. याउलट तोंडाचेच क्षेत्रफळ निम्मे केले तर वेग तोच राहतो आणि निम्म्या पाण्यातून निम्मी शक्ती मिळते. चाकाच्या कडेवरील वाट्यांवर धार मारणाऱ्या पेल्टन टर्बाइनमध्ये आणखी एक नुकसान होते. त्याच्या वाट्यांचा वेग धारेच्या वेगाच्या निम्म्याहून किंचित कमी असावा लागतो. धार मंदावली की हे प्रमाण बिघडते आणि कार्यक्षमता आणखी घसरते.

व्हॉल्व्हला हातही न लावता हाच घोटाळा होऊ शकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यानंतर ओढ्याचे पाणी १० लिटरवरून ३ लिटरवर आले आणि तोंड २६ मिलिमीटरचेच राहिले, तर पाइप भरलेला राहत नाही. पाण्याची पातळी पाइपातच खाली उतरत जाते आणि जेमतेम पावणेदोन-दोन मीटर उंची कामाला येते. मालक म्हणतो की ओढा आटला. प्रत्यक्षात त्याच ३ लिटर पाण्याला १४ मिलिमीटरचे तोंड दिले असते तर पूर्ण २० मीटरचा दाब मिळाला असता.

म्हणून पहिले काम म्हणजे पाणी मोजणे. पत्र्यात बरोबर ९० अंशांची, टोक खाली असलेली खाच कापून तो पत्रा पाटात आडवा बसवावा, कडेने व बुडातून पाणी झिरपणार नाही अशी माती दाबावी आणि खाचेतून पडणाऱ्या पाण्याच्या पडद्यामागे हवा खेळती राहील इतका उतार पुढे ठेवावा. पाण्याची उंची खाचेच्या तोंडावर मोजू नये, कारण तिथे पातळी झुकलेली असते. ती मागे निदान अर्धा मीटर अंतरावर, टोकाच्या पातळीपासून मोजावी. उंची १० सेंटिमीटर आली तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर आणि १४ सेंटिमीटर आली तर सुमारे १० लिटर पाणी आहे असे समजावे. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला ही नोंद वहीत लिहिली की कोणत्या महिन्यात किती मोठे तोंड लागेल ते आपोआप ठरते.

तोंड लहान-मोठे करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे नोझलच्या आत मागे-पुढे सरकणारी टोकदार सुई, जिला आमच्याकडे स्पिअर म्हणतात. ती पुढे सरकली की धार बारीक होते, पण वेग कायम राहतो. मात्र स्पिअर घडवणे खर्चाचे असते आणि गाळाच्या पाण्यात तिचे टोक झिजते; झिजलेल्या टोकाची धार फुटून फवाऱ्यासारखी पसरते. लहान यंत्राला मी शक्यतो दोन नोझल सुचवतो, एक १५ मिलिमीटरचा आणि दुसरा २१ मिलिमीटरचा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह. वरच्या उदाहरणातील २० मीटर उंचीवर पहिल्यातून सुमारे ३.४ लिटर, दुसऱ्यातून ६.६ लिटर आणि दोन्हींतून मिळून १० लिटर पाणी जाते. म्हणजे एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि पूर्ण अशा तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला दाब पुरेपूर. क्रॉसफ्लो टर्बाइनमध्येही रुंदीची १ : २ अशी विभागणी करून हेच साधले जाते. पंप उलटा चालवून टर्बाइन म्हणून वापरणाऱ्यांना मात्र ही सोय नसते, कारण पंपात गाइड व्हेन नसतात. त्यांनी एका मोठ्या पंपाऐवजी लहान-मोठे दोन पंप बसवून गरजेप्रमाणे एक बंद ठेवावा.

नोझलच्या अगदी मागे दाबमापक बसवण्यात कंजूषी करू नये. आपल्या उदाहरणात यंत्र चालू असताना काटा २ किलोवर, म्हणजे २० मीटरच्या दाबावर, स्थिर असायला हवा. काटा खाली उतरू लागला आणि थरथरू लागला, वरच्या टाकीत पाइपाच्या तोंडावर भोवरा फिरताना दिसला आणि घोट घेतल्यासारखा आवाज आला, तर पाइपात हवा शिरत आहे हे नक्की समजावे व ताबडतोब एक पायरी खाली यावे. उलट टाकीच्या सांडव्यावरून पाणी सतत वाहत असेल तर एक पायरी वर जाता येते. सांडव्याचे काम टाकीतून पाइपात पाणी सोडणाऱ्या दाराइतकेच मोलाचे आहे. पावसाळ्यात आजवा तलावाची पातळी आणि विश्वामित्री नदीचे पाणी यांच्यावर डोळा ठेवून राहणाऱ्या बडोदेकराला हे निराळे सांगावे लागत नाही. यंत्राला नको असलेले पाणी टाकीपाशीच बाजूला निघून ओढ्यात परत गेले पाहिजे.

टाकीच्या तोंडाशी तिरकी जाळी हवी आणि तिच्या सळ्यांमधील फट सर्वांत लहान नोझलच्या निम्म्याहून कमी, म्हणजे आपल्या उदाहरणात सहा-सात मिलिमीटर असावी. डांगात सागाची पानगळ सुरू झाली की एकेक पान ताटासारखे जाळीवर चिकटून बसते, आणि अशी दहा-बारा पाने जमली तरी पाणी अडते. त्या दिवसांत जाळी सकाळ-संध्याकाळ झाडावीच लागते.

आता पाणी बंद करण्याविषयी. या बाबतीत मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. ११० मिलिमीटरचा, ४ किलो दाबाचा, १२० मीटर लांब प्लास्टिक पाइप टाकून झाला होता. चाचणी चालू असताना रनरपाशी, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकापाशी, आवाज आला म्हणून मी घाबरून बॉल व्हॉल्व्हची मूठ एका झटक्यात आडवी केली. क्षणभर काही झाले नाही, मग वरच्या वळणावरचा सांधा बंदुकीसारखा वाजून निसटला आणि तिथली माती वाहून गेली. दोन माणसे त्या वळणापासून दहा पावलांवर उभी होती. तिथे कोणाला इजा झाली नाही, तरी तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. पाइपातले पाणी सेकंदाला १.२ मीटर वेगाने येत असताना एकदम थांबवले, तर अशा पातळ प्लास्टिक पाइपात दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावते आणि मूळ दाबात जवळजवळ ३७ मीटरची भर पडते. दोन्ही मिळून पावणेसहा किलो होतात आणि पाइप चार किलोचा असतो. लोखंडी पाइपात लाटेचा वेग सेकंदाला १००० मीटरच्या पुढे असल्याने हीच भर १२० मीटरपर्यंत जाते. लाट वर जाऊन परत येईपर्यंतच्या वेळात, म्हणजे आमच्या पाइपाच्या बाबतीत ०.८ सेकंदात, व्हॉल्व्ह मिटला तर हा पूर्ण तडाखा बसतो. मिटायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतला तर तो सौम्य होतो. म्हणून बॉल व्हॉल्व्हऐवजी गेट व्हॉल्व्ह किंवा गिअरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवावा, तो बंद करायला किमान वीस सेकंद घ्यावेत आणि शेवटचे काही फेरे सर्वांत सावकाश द्यावेत, कारण गेट व्हॉल्व्हमध्ये प्रवाह खरा तुटतो तो शेवटच्या चतुर्थांशातच.

वरचे दार बंद करण्याचा धोका वेगळा आहे. खालून पाणी निघून जात असताना वर दार मिटले की पाइपात पोकळी तयार होते आणि पातळ पाइप चपटा होतो. त्यासाठी दाराच्या लगेच पुढे, टाकीच्या पातळीपेक्षा उंच असा उभा श्वासनळ ठेवावा. पाइप भरताना खालचा लहान नोझल उघडा ठेवून वरचे दार थोडेसेच उचलावे, म्हणजे हवा निघून जाते.

मग घरातले दिवे एकदम बंद झाले आणि यंत्र मोकळे सुटले तर काय करायचे? भार गेल्यावर पेल्टन रनर नेहमीच्या वेगाच्या जवळजवळ पावणेदोन पट वेगाने फिरू लागतो, आणि पाणी तर पटकन बंद करता येत नाही. केवडियाला सरदार सरोवर धरणाच्या नदीपात्रातील वीजगृहात २०० मेगावॉटचे सहा फ्रान्सिस संच आणि कालव्याच्या मुखाशी ५० मेगावॉटचे पाच कॅप्लान संच आहेत. अशा मोठ्या संचांत गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, गाइड व्हेन मिटतो, आणि कॅप्लानमध्ये त्यांच्या जोडीने रनरची पातीही वळतात. लहान यंत्राला एवढा खटाटोप परवडत नाही. त्यासाठी धारेसमोर आडवा येणारा पत्रा, म्हणजे डिफ्लेक्टर, लावावा. तो पाणी न थांबवता धार रनरवरून बाजूला वळवतो. रोजच्या भारातील चढ-उतारासाठी इलेक्ट्रॉनिक भार-नियंत्रक वापरावा, जो उरलेली वीज पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो आणि पाण्याला हात लावत नाही.

पाणचक्कीच्या, म्हणजे वरून पाणी पडणाऱ्या मोठ्या चाकाच्या बाबतीत हे सारे पुष्कळ सोपे असते. जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत असे चाक खालून पाणी लागणाऱ्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट काम देते असे दिसले होते. त्यात पाण्याचे वजनच काम करते, त्यामुळे पाणी कमी झाले तरी कार्यक्षमता फारशी ढळत नाही. तीन मीटर व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला दीड मीटर ठेवायचा तर मिनिटाला नऊ-दहा फेरे पुरतात. पन्हाळीच्या टोकाशी खोबणीत सरकणारी फळी बसवावी आणि तिच्यामागे २० सेंटिमीटर पाणी उभे राहू द्यावे, म्हणजे फटीतून पाणी सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने, कडेपेक्षा किंचित जलद निघते आणि वाट्यांत न उसळता शिरते. वाट्या निम्म्याहून जास्त भरू लागल्या तर फळी खाली आणावी, कारण काठोकाठ भरलेली वाटी अर्ध्या वाटेतच रिकामी होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी खाचेवरची उंची ९ सेंटिमीटरच्या खाली गेली की १५ मिलिमीटरच्या नोझललाही पुरेसे पाणी उरत नाही. त्या वेळी यंत्र सतत चालवण्याचा हट्ट सोडावा. ओढ्यातून सेकंदाला १.७ लिटर येत असेल आणि वर १०,००० लिटरची टाकी असेल, तर ती भरायला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि भरलेल्या टाकीवर लहान नोझल पूर्ण दाबाने पुन्हा तितकाच वेळ चालून सव्वाचारशे वॅटच्या आसपास वीज देतो. टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाइपाच्या तोंडाच्या वर दोन वीत अंतरावर, लाल रंगाची रेघ मारून ठेवावी. तिच्या खाली होणारा साठा या हिशेबात धरू नये आणि पाणी त्या रेघेला टेकले की खालचा व्हॉल्व्ह वीस सेकंद मोजत बंद करावा.