रात्री कोकम सरबत तपकिरी का दिसायचं

आमच्या खाणावळीत दुपारी लालचुटूक दिसणारं कोकम सरबत रात्री तपकिरी, शिळं वाटायचं. सोलकढीही मळकट दिसायची. गिऱ्हाईक विचारायचं, "कालचं आहे का?" फार वाईट वाटायचं, कारण आगळ (कोकमाचा रस) घरचं आणि ताजं.

आंबटपणा कमी झाला की कोकमाचा रंग खरोखरच बदलतो, म्हणून आधी तेच तपासलं. एकाच भांड्यातलं सरबत दोन पेल्यांत ओतलं. एक पेला दाराबाहेर उन्हात, दुसरा आत दिव्याखाली. फरक लगेच दिसला. दोष दिव्याचा होता.

साध्या पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी चिप आणि त्यातला काही प्रकाश पिवळा करणारा लेप (फॉस्फर) असतो. गडद लाल प्रकाश त्यात तोकडाच. प्रकाशातच लाल नसेल तर पेल्यातून डोळ्यापर्यंत येणार कुठून? म्हणून दिव्याच्या खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा. साधे दिवे बहुधा ८० चे असतात. मी ९० च्या वरचा, ४००० केल्विनचा (ना फार पिवळा, ना फार निळसर) घेतला. आर९ (गडद लालचा वेगळा आकडा) छापलेला असेल तर तो आधी पाहावा. सीआरआय ही आठ फिक्या रंगांची सरासरी, गडद लाल त्यात धरतच नाहीत. तो आर९ मध्ये कळतो.

टेबलावरचं हिरवं प्लास्टिक काढून पांढरं कापडही घातलं. रेड वाइन चाखणारेसुद्धा पेला पांढऱ्यावर तिरका धरूनच रंग पाहतात. आता सोलकढी रात्रीही गुलाबी दिसते.